टाटा नव्हे, टाट्रा!

जी वस्तू आपल्याला सात जन्मांत परवडणार नाही, तिच्याबद्दल मध्यमवर्गीय माणसाला सर्वांत जास्त माहिती असते, असे माझे निरीक्षण आहे. आमच्या शाखेतले हेडकॅशियर डोंबिवलीला दोन खोल्यांत राहतात, पण मलबार हिलवरच्या फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव त्यांना पाढ्यासारखा पाठ. लॉकरचे काम पाहणाऱ्या बाईंच्या गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या, पण गिऱ्हाइकाच्या हारातला हिरा खरा की अमेरिकन, हे त्या दारातून सांगतात. मी स्वतः बी.कॉम. गेली बावीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. माझे वाहन म्हणजे वडिलांकडून वारशाने आलेली स्कूटर. रोज सकाळी तिला आधी एका कुशीवर निजवावे लागते, तेव्हा ती उठते. आता ज्याच्या नशिबी ही स्कूटर, त्याने मोटारीवर प्रेम करायचे ठरवले तर हात आखडता कशाला घ्यायचा? मी एकदम १९३६ सालच्या एका चेक लिमोझिनवर केले. तिचे नाव टाट्रा ८७.

हे नाव काढले की पुढचा संवाद ठरलेला असतो.

"टाटांची का?"

"टाटा नव्हे, टाट्रा. मध्ये र आहे."

"हां हां, म्हणजे छपाईची चूक."

मग मी सांगतो की बाबा, ही चेक गाडी. हेडकॅशियरना सांगितले तेव्हा त्यांनी नोटांच्या थप्पीवरची नजर न काढता विचारले, "चेक? बेअरर की क्रॉस्ड?" बँकेत हयात गेली की माणसाचे कान असेच होतात. चेक नावाचा देश असतो, तिथे माणसे राहतात आणि ती न वटताही सुखाने जगतात, हे त्यांना पटवायला माझी जेवणाची अख्खी सुट्टी गेली.

वास्तविक चेक लोक आपल्याला परके नाहीत. ज्या बाटाच्या चपला झिजवत आपल्या तीन पिढ्या शाळेत गेल्या, तो बाटा मूळचा मोराव्हियातल्या झ्लीन गावचा. त्याच मोराव्हियात टाट्राचा कारखाना. म्हणजे एकाने जगाला पायी चालवले आणि दुसऱ्याने बसवून नेले. आपण पहिल्याचे गिऱ्हाईक, इतकेच.

कारखान्याच्या गावाचे नाव कोप्रझिव्नित्से. हे नाव एका दमात म्हणता येईपर्यंत माझे सहा महिने गेले, आणि ते साधले त्या दिवशी सौ.ने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. जर्मन लोक याच गावाला नेसेल्सडॉर्फ म्हणत. दोन्ही नावांच्या मुळाशी एकच वनस्पती आहे, अंगाला लागली की खाज सुटणारी. आपल्याकडे असते तर गावाला सरळ खाजकुइरीवाडी म्हटले असते. तर या खाजकुइरीवाडीत १८५० साली इग्नात्स शुस्ताला नावाच्या माणसाने घोडागाड्या बांधायला सुरुवात केली. घोडागाड्यांमागून रेल्वेचे डबे आले आणि १८९७ मध्ये त्याच कारखान्यातून 'प्रेसिडेंट' नावाची मोटार बाहेर पडली. दिसायला ती घोडे पळून गेलेल्या बग्गीसारखी होती. १८९८ च्या मे महिन्यात ती स्वतःच्या चाकांनी व्हिएन्नाला गेली. अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, प्रत्यक्ष चालण्याचा वेळ साडेचौदा तास. हसू नका. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबईहून कोकणात गेलेला माणूस या आकड्याला हसणार नाही. तो हात जोडेल.

त्याच १८९७ साली एकोणीस वर्षांचा एक पोरगा या कारखान्यात चिकटला. व्हिएन्नाजवळच्या गावचा, नाव हान्स लेडविंका. मध्ये तो नोकरी सोडून गेला, १९२१ मध्ये परत आला आणि १९२३ मध्ये त्याने टाट्रा ११ नावाची एक छोटी, स्वस्त, दोन सिलिंडरची गाडी बाहेर काढली. माझ्या लिमोझिनची ही आजी. आजी गरीब होती, पण घरातले सगळे चांगले गुण तिच्याकडून आले.

त्या काळी मोटार म्हणजे चाके लावलेली शिडी असे. दोन लांब पोलादी पट्ट्या, मध्ये आडव्या काठ्या, आणि त्यावर इंजिन, बाके, माणसे. एक चाक खड्ड्यात गेले की शिडी पिळायची आणि सगळ्या कुटुंबाचे मणके वाजायचे. लेडविंकाने शिडी फेकून दिली. गाडीच्या मधोमध त्याने एक जाड पोलादी नळी घातली, माणसाला पाठीचा कणा असतो तशी. चाके फिरवणारा दांडा त्या नळीच्या पोटातून जायचा. मागच्या बाजूला अखंड आस नाही. दोन्ही अंगांना अर्धे अर्धे आस, पक्ष्याच्या पंखांसारखे स्वतंत्रपणे वरखाली होणारे. डावे चाक खड्ड्यात गेले तरी उजव्याला त्याचा पत्ता नसे. (मोठ्या कचेऱ्यांतली खाती याच तत्त्वावर चालतात, पण तिथे त्याला शोध म्हणत नाहीत.) नळीचा फायदा काय, असे सौ.ने विचारले तेव्हा मी म्हटले, "ओला टॉवेल पिळता येतो. तुझं लाटणं पिळून बघ." तिला तत्त्व लगेच समजले. लाटणे मात्र तिने हातातच ठेवले.

दुसरी गोष्ट म्हणजे हे इंजिन हवेने थंड होई. पाणी नाही, रेडिएटर नाही, गळती नाही. ज्यांनी लहानपणी घाटातला प्रवास केला आहे त्यांनाच याची किंमत कळेल. आम्ही मामांच्या मोटारीतून बोरघाट चढायचो तेव्हा डिकीत पाण्याचे दोन डबे आधी चढत आणि मामी नंतर. अर्ध्या वाटेवर बॉनेट उघडायचे, वाफेचा भपकारा यायचा आणि मामा रुमालाने झाकण धरून इंजिनाला अर्घ्य देत उभे राहायचे. थंडीत गोठणारे आणि उन्हात उकळणारे पाणी गाडीत हवेच कशाला, असा प्रश्न आमच्या मामांना कधी पडला नाही. लेडविंकाला पडला.

आता लिमोझिन. ५ मार्च १९३४ रोजी प्रागमध्ये टाट्रा ७७ लोकांपुढे आली. लेडविंका आणि एरिक युबेलाकर यांनी ती उभी केली होती, आणि आकारामागे पाउल याराय याची विद्या होती. हा याराय आधी झेपेलिनची हवेत तरंगणारी जहाजे कशी असावीत याचा अभ्यास करत असे. बाकीच्या मोटारी त्या वेळी गोदरेजच्या कपाटासारख्या उभ्या होत्या. कपाट ढकलायला जोर लागतो, आणि वाऱ्याचे गणित तर फार क्रूर: वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. हे कर्जदारांना समजावून सांगावे लागत नाही. म्हणून याराय म्हणाला, की गाडीला थेंबाचा आकार द्या. पुढे गोल, मागे निमुळता. लोकांना विकण्यासाठी नेमाने बनवलेली अशी वाऱ्याच्या मर्जीची ही पहिली गाडी मानली जाते.

तिच्यापेक्षा थोडी आखूड आणि हलकी ती टाट्रा ८७. १९३६ पासून १९५० पर्यंत अशा सुमारे तीन हजार गाड्या झाल्या. तीन लीटरचे, आठ सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन, ताकद ७५ घोड्यांची. आज चौकात उभ्या असलेल्या साध्यासुध्या मोटारीतही तेवढे घोडे असतात. पण या गाडीला वारा वाट देत असल्यामुळे ती ताशी १६० किलोमीटरने पळे. आपल्या माणसाचा खरा प्रश्न मला ठाऊक आहे: "किती देते?" तर लीटरला आठाच्या आसपास. १९३६ सालच्या लिमोझिनच्या मानाने हा संसारी आकडा आहे.

तिची मांडणी मात्र जावयाला पहिल्या दिवाळसणात गोंधळात टाकावी तशी. बॉनेट उघडावे तर आत जादा चाके. इंजिन शोधत मागे जावे तर मागे खिडकीच नाही, नुसती पत्र्याची जाळी, इंजिनाने श्वास घ्यावा म्हणून. त्या जाळीतून मागचे काय दिसेल ते देवाचे. पाठीवर शार्कमाशासारखा उभा पंख. पुढे दिवे तीन. दोन डोळे आपल्या जागी आणि तिसरा बरोबर कपाळाच्या मध्यावर. चेक लोकांना शंकर कोणी सांगितला, याचा उलगडा मला झालेला नाही.

२०२३ साली आम्ही उभयता एका टूरबरोबर युरोपला गेलो. बारा दिवसांत सात देश, जेवणात वरणभात. प्रागला दोन तास मोकळे दिले होते. बाकीची मंडळी जुन्या चौकातले घड्याळ आणि काचेच्या वाट्या बघायला गेली. मी सौ.ला घेऊन व्हल्टाव्हा नदीपलीकडची लेत्नाची चढण चढलो. वर राष्ट्रीय तांत्रिक संग्रहालय आहे. "इथे काय आहे?" असे तिने अर्ध्या चढणीवर दोनदा विचारले. मी "चल तर" म्हटले. लग्नाला वीस वर्षे झाली की नवऱ्याच्या "चल तर" मागे काय आहे याचा अंदाज बायकांना येतोच. पण ती आली.

आत एक प्रचंड दालन. वर छताला विमाने टांगलेली, खाली मोटारी आणि आगगाड्यांची इंजिने. आणि त्यात ती उभी होती. रुपेरी रंगाची, टाट्रा ८७. नुसती टाट्रा ८७ नव्हे, हान्झेल्का आणि झिकमुंड यांची टाट्रा ८७. यिरी हान्झेल्का आणि मिरोस्लाव्ह झिकमुंड ही दोन तरुण पोरे. त्यांनी जगप्रवासाची योजना आखली, टाट्राच्या साहेबांपुढे मांडली आणि चक्क गाडी मिळवली. २२ एप्रिल १९४७ ला ते प्रागहून निघाले ते १ नोव्हेंबर १९५० ला परत आले. आफ्रिका उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, मग दक्षिण अमेरिका, मग वर मेक्सिकोपर्यंत. एकूण ४४ देश. न्यूबियाच्या वाळवंटात जिथे माणसाला प्यायला पाणी नाही, तिथे या गाडीने पाण्याचा थेंब मागितला नाही. रेडिओवर त्यांची वर्णने ऐकायला घरोघर माणसे कान लावून बसत. २००५ साली त्या देशाने या गाडीला राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारक ठरवले.

हे सगळे मी सौ.ला हलक्या आवाजात सांगत होतो. ती बराच वेळ गाडीकडे पाहत होती. मग म्हणाली, "हे दोघे शिकले काय होते?"

या प्रश्नाची मला भीती होती. "वाणिज्य महाविद्यालयात होते," मी म्हटले. "प्रागच्या."

"म्हणजे कॉमर्स?"

"कॉमर्स."

"तुमच्यासारखंच?"

मी एकदम जवळच्या विमानाकडे बोट दाखवले. पण खाली उतरताना तिने स्वतःहून विचारले, "मग त्या गाडी बनवणाऱ्याचं पुढं काय झालं हो?" मी घड्याळ पाहिले. बसला चाळीस मिनिटे होती. चढण उतरेपर्यंत सगळे सांगितले.

आधी त्या गाडीचा एक दोष सांगितला, कारण लग्नाच्या बोलणीत आणि मोटारीच्या बाबतीत दोष आधी सांगावा. इंजिन मागच्या आसाच्याही मागे, आणि आस ते पंखासारखे हलणारे. सायकलच्या कॅरिअरवर भरलेला सिलिंडर बांधून कोणी जोरात वळण घेतले आहे का? पुढचा माणूस वळतो आणि सिलिंडर सरळ जायचे म्हणतो. टाट्रा ८७ वेगात वळवली की तिचे शेपूट असाच हट्ट करी. युद्धकाळात जर्मन अधिकाऱ्यांना ही गाडी फार आवडली आणि वळणावळणांवर ते इतके दगावले, की तिला चेकांचे गुप्त हत्यार म्हणू लागले, अशी एक आख्यायिका आहे. आख्यायिका हा चेक कुठे वटला याची नोंद नसते, पण लोक तो हातोहात फिरवतात.

मग लेडविंकाची हकिकत. हिटलरला टाट्रा गाड्या पसंत होत्या. फर्डिनांड पोर्शे आणि लेडविंका एकमेकांना ओळखत. पुढे जर्मनीत लोकांची गाडी म्हणून फोक्सवॅगन निघाली, ती मागे इंजिन असलेली, हवेने थंड होणारी, पाठ गोल असलेली. टाट्राने आपल्या ९७ नंबरच्या छोट्या गाडीत हेच केले होते. पेटंटांवरून तंटा उभा राहिला. पण १९३८-३९ मध्ये जर्मनीने चेकोस्लोव्हाकिया हा देशच गिळला. फिर्यादीच आरोपीच्या पोटात गेल्यावर खटला कुठला चालणार? टाट्रा ९७ बंद करण्यात आली. फोक्सवॅगनने टाट्राच्या मालकांशी पैसे देऊन तडजोड केली ती थेट १९६० च्या दशकात. तोवर तिकडे बीटल लाखांनी खपली होती. आमच्या भाषेत, रक्कम भलत्याच खात्यात जमा झाली आणि दुरुस्तीची नोंद पंचवीस वर्षांनी पडली.

आणि ज्याने नळी शोधली, त्याचे काय? युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाने लेडविंकावर जर्मनांशी सहकार्य केल्याचा ठपका ठेवला आणि त्याला तुरुंगात घातले. सहा वर्षे. १९५१ मध्ये सुटला तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. तो देश सोडून गेला आणि १९६७ साली म्युनिकला वारला. १९९२ मध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आले. आमच्याकडे खातेदाराच्या मृत्यूनंतर अशी पत्रे पुष्कळ सुटतात: आपल्या खात्यात रक्कम जमा केली आहे, कृपया समक्ष येऊन भेटावे.

हान्झेल्का आणि झिकमुंड यांचेही तेच. १९५९ ते १९६४ या काळात ते टाट्राच्या मालगाड्या घेऊन आशियाभर हिंडले, आपल्या देशातही आले. १९६८ साली रशियाचे रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा त्यांनी निषेध केला, आणि मग वीस वर्षे त्यांची पुस्तके छापायला बंदी. ज्यांनी ४४ देश पाहिले त्यांना आपल्या देशात तोंड उघडण्याची चोरी झाली. हान्झेल्का २००३ मध्ये गेला. झिकमुंड एकशे दोन वर्षांचा होऊन २०२१ मध्ये गेला. राहायला होता झ्लीनला, बाटाच्या गावात.

सौ. काही बोलली नाही. बसमध्ये बसल्यावर शेजारच्या बाईंनी काचेच्या सहा वाट्या दाखवल्या आणि "तुम्ही काय पाहिलंत?" असे विचारले. सौ. म्हणाली, "एक माणूस."

पुढची कथा थोडक्यात सांगतो. युद्धानंतर कारखाना सरकारजमा झाला. १९५६ मध्ये टाट्रा ६०३ आली, तीही हवेने थंड होणाऱ्या आठ सिलिंडरांची. पण ती बहुतेक पक्षाच्या पुढाऱ्यांसाठी आणि बड्या अधिकाऱ्यांसाठी. सामान्य चेक माणसाचे तिच्याशी नाते आपले लाल दिव्याच्या गाडीशी होते तेच: ती आली की बाजूला व्हायचे. नंतर ६१३ झाली, ७०० झाली आणि १९९९ मध्ये टाट्राच्या मोटारी कायमच्या बंद पडल्या. एक किस्सा मात्र सांगितलाच पाहिजे. १९७९ साली एक टाट्रा ८७ वाऱ्याच्या बोगद्यात घालून मोजली. छोट्या नमुन्यांवरून पूर्वी हवेच्या विरोधाचा आकडा ०.२५ च्या आसपास सांगत, प्रत्यक्षात तो ०.३६ भरला. अंदाजपत्रक आणि ताळेबंद यांत एवढी तफावत आम्ही चालवून घेतो. त्या काळच्या मोटारींत हाही आकडा लाखात एक. आणि बोगदा कोणाचा होता? फोक्सवॅगनचा.

मोटारी गेल्या, पण ट्रक राहिले. कोप्रझिव्नित्से गावात आजही टाट्राचे ट्रक तयार होतात आणि त्यांच्या पोटाखाली मधोमध तीच पोलादी नळी असते, दोन्ही अंगांना हलणारे तेच अर्धे आस. आपल्या लष्कराकडेही ते आहेत. १९८६ पासून बंगळूरच्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीने ते इथे बांधायला घेतले. पिनाक अग्निबाणांचा जो पेटारा असतो तो या ट्रकांच्या पाठीवर. २६ जानेवारीला सकाळी पोहे खाता खाता आपण टीव्हीवर तो पाहतो आणि बाणाकडे बघून टाळ्या वाजवतो. खालच्या ट्रकाकडे कोण बघतो? यंदा आमचे चिरंजीव ओरडले, "बाबा, टाटाचा ट्रक!" मी तोंड उघडणार इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "टाट्रा रे, टाट्रा. खाली नळी असते त्याच्या."

दुसऱ्या दिवशी मी हे हेडकॅशियरना सांगितले. त्यांनी नोटा मोजणे थांबवले, ही गोष्ट वर्षातून दोनदा घडते. म्हणाले, "तीन दिवे गेले, पंख गेला, लिमोझिन गेली. गाडीवाला तुरुंगात गेला. मग तुमच्या त्या गाडीचं उरलं काय?"

मी म्हटले, "साहेब, १९२३ सालची ती नळी. शंभर वर्षं उलटून गेली. व्याज कोण कोण खाऊन गेलं त्याचा हिशोब नाही. पण मुद्दल शिल्लक आहे."

त्यांनी क्षणभर विचार केला, मान हलवली आणि पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजायला सुरुवात केली.